पोटातला आवाज

भिंतीपलीकडून हुकूम आला, "तुकडी, थांब!" आणि भिंतीच्या अलीकडे ती थांबली. मागून येणारा सायकलवाला कसाबसा वाचला आणि चार शब्द सुनावून पुढे गेला. दवाखान्यात जायला तिला हाच रस्ता जवळचा. एका बाजूला दुकानांची न उघडलेली शटरं, दुसऱ्या बाजूला ही उंच भिंत, आणि भिंतीआड लष्करात नव्यानं भरती झालेल्या पोरांचं मैदान. बुटांचा धपधप आवाज, शिट्ट्या, हुकूम, सगळं तिच्या कानांना सरावाचं झालं होतं, निदान तशी ती स्वतःची समजूत घालत होती. पण आजचा हुकूम निराळा होता. एरवी या वेळेला मैदानावर दुसरे उस्ताद असत. शब्द सुरू व्हायच्या आधी एक बारीकसा झटका होता, श्वास घशाच्या तळाशी क्षणभर अडवून मग सोडून दिल्यासारखा. आणि त्यामागून आलेला शब्द रुंद, खरखरीत, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न फाटता गेलेला. तो झटका तिचा होता. एकोणीस वर्षांची असताना एका गॅरेजमध्ये, पेट्रोलच्या वासात, तीन गिटारी आणि एका ड्रमवर आवाज चढवताना तो तिला सापडला होता. कुणाकडून घेतला नव्हता, कुणाला दिला नव्हता. आता आता, महिन्याभरापूर्वी, दिला होता. ती भिंतीला हात लावून उभी राहिली. त्या हुकमावर पलीकडे जे पाय एकदम थांबले, त्यांत तिच्या मुलाचे दोन पाय होते, आणि ती सगळी तुकडी आज दुपारी लढाईवर निघणार होती.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर ती आवाज दुरुस्त करायची. शिक्षक यायचे, भाजीवाले यायचे, लिलाव पुकारणारे यायचे, आणि लढाई सुरू झाल्यापासून कवायत शिकवणारे उस्ताद येऊ लागले. तुकड्यांवर तुकड्या भरती होत होत्या आणि उस्तादांचे घसे बसत चालले होते. हा उस्ताद आला तेव्हा त्याच्या तोंडून नुसती हवा निघत होती. एवढा आडवा गडी, पण बोलायला लागला की पंक्चर झालेलं चाक. "मॅडम, घसा गेला तर माझी नोकरी गेली," असं त्यानं कागदावर लिहून दाखवलं होतं. तिनं त्याला पाण्याच्या पेल्यात नळी घालून हुंकार भरायला लावलं, बुडबुडे सारखे यायला पाहिजेत म्हणून. मग हळूहळू पुढचं. घशात दोन स्वरपट्ट्या असतात, त्यांनी माणूस बोलतो. त्यांच्या वर आणखी दोन असतात, त्यांना खोट्या स्वरपट्ट्या म्हणतात. ओरडायचं असेल तर पोटातून श्वास घ्यायचा, खालच्या खऱ्या पट्ट्यांवर भार टाकायचा नाही, वरच्या खोट्या कामाला लावायच्या. हे पुस्तकात असतं, पण पुस्तक वाचून कुणाला ओरडता येत नाही. तिला येत होतं, कारण ती कधी काळी हेवी मेटल गात होती, आणि तिचे बँडमधले दोस्त तिला 'भोंगा' म्हणत. तेव्हा उस्तादाला तिनं आपला झटका शिकवला, तो त्यानं पटकन उचलला, आणि तिला आनंद झाला. हाडाच्या मास्तरणीला होतो तसा निव्वळ आनंद. त्या वेळी आपण कुणाच्या हातात काय देतोय हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. मूल त्याच मैदानात आहे हे माहीत असूनही नव्हता. माणसाचं डोकं असे कप्पे कसे करतं कोण जाणे.

ती पुन्हा दवाखान्याच्या दिशेनं चालायला लागली. बँडचं जुनं गाणं आपोआप डोक्यात वाजायला लागलं. 'थांब' हाच त्याचा पहिला शब्द. तेव्हाही एक लढाई चालू होती, हिच्या आधीची, आणि सगळ्या भिंतींवर शूर चेहरे चिकटवले होते. बाकीच्या गावात वीररसाला उधाण आलं होतं तेव्हा हे चौघे केस वाढवून, काळे कपडे घालून, गॅरेजचं दार लावून लढाईला शिव्या घालत होते. लोकांना वाटायचं, एवढा दणदणाट, एवढी आदळआपट, म्हणजे ही पोरं रक्ताची तहानलेली असणार. खरं तर दणदणाट मुद्दाम होता. तोफा गोड सुरात वाजत नाहीत, मग त्यांच्यावरचं गाणं का गोड असावं, असं ड्रम वाजवणारा म्हणायचा. त्याला सगळे ठोक्या म्हणत, आणि तो आता तिचा नवरा होता. त्याचे कान त्या ड्रमनंच घालवले होते, आणि आजकाल तो बैठकीत आवाज बंद करून बातम्या बघत बसायचा. आवाज चालू असता तरी त्याला फारसं ऐकू आलं नसतं, पण बंद करण्यात त्याला काहीतरी समाधान होतं. 'नकाशावर बोट ठेवले, बोटाखाली गाव जळाले. बोट कुणाचे, गाव कुणाचे, राखेला ना नाव कळाले.' हे तिनं लिहिलेलं. हे ठीक होतं, अजूनही तिला त्याची लाज वाटत नव्हती. तिला आठवायचं नव्हतं ते दुसरं कडवं.

दुसरं कडवं खालच्या मजल्यावरच्या काकूंवर होतं. काकूंनी ओळखीपाळखी काढून आपल्या मुलाला मागे ठेवून घेतलं होतं, कुठल्याशा कचेरीत, शिक्के मारायच्या कामावर. आणि त्याच जिन्यात वर राहणाऱ्या शिंपिणीचा मुलगा त्याच्याऐवजी गेला, तो आलाच नाही. नक्की त्याच्याऐवजीच गेला का, हे कुणी सिद्ध केलं नव्हतं, पण जिन्याला पुरावा लागत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला तर मुळीच लागत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. 'माझा नको, तुझा जाऊ दे, म्हणाली एक आई. पलीकडेही म्हणाली कोणी, आता दोघींचाही नाही.' हे कडवं तिनं घोगऱ्या गर्जनेत म्हटलं असतं तर काकूंना एक शब्द कळला नसता. मेटलमधले शब्द ज्यांना आधीपासून पाठ असतात त्यांनाच कळतात. पण काकूंना ते कळावेत असंच तिला वाटत होतं. म्हणून ती एका दुपारी जिन्यात बसली आणि गिटार न घेता, सावकाश, स्वच्छ आवाजात ते दोनदा म्हणाली. खालची खिडकी लागली. दुसऱ्या दिवशी काकू पाण्याची बादली घेऊन जिन्यात भेटल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "तुला मूल झालं ना, की मग गा हे," एवढंच म्हणाल्या आणि बादली दुसऱ्या हातात घेऊन गेल्या. त्या बादलीतून पायरीवर सांडलेलं पाणी तिला अजून दिसत होतं, काकूंचा चेहरा मात्र पुसला गेला होता.

मूल झालं आणि गाणं बंदच पडलं. कुणी बंद केलं नाही, ते आपलं मागे राहत गेलं, संसारात अशा पुष्कळ गोष्टी मागे राहतात. पण मुलानं ते कुठून तरी हुडकून काढलं. जुनी कॅसेट होती, ती ऐकत तो अभ्यास करायचा, आणि सगळे शब्द त्याला पाठ होते. आणि एक दिवस त्यानं भरती झाल्याचं सांगितलं. हिच्यासारख्या बाईच्या पोटी हा असा, असं शेजारी म्हणाले असतील तर काय चुकलं? गेल्या रविवारी तो सुट्टीवर घरी आला होता. केस कापलेले, कान बाहेर आलेले, एकदम सात वर्षांचा दिसणारा. भांडी घासताना तो तिच्या शेजारी उभा राहून पुसत होता. "मला मारामारीची हौस नाही, आई," तो म्हणाला. "पण आपल्या इमारतीतले तिघं गेले. मी काय खिडकीतून हात हलवू? आणि मी नाही गेलो तर कोण जाईल, हे तूच तर लिहून ठेवलंयस." ती तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी भांडी घासत राहिली. मग तो हसून, पण ताट पुसता पुसता तिच्याकडे न बघता म्हणाला, "आणि हे बघ, आमचा उस्ताद तुझा पेशंट आहे. त्याला माझ्याबद्दल काही बोलायचं नाही हं. दुसरं कडवं मला तोंडपाठ आहे." तिनं त्याला ओल्या हातानं धपाटा घातला. तो हसला, ती हसली, बैठकीतून ठोक्यानं विचारलं, "काय झालं?" आणि दोघंही एकदम म्हणाले, "काही नाही."

उस्ताद वेळेवर आला. आज त्याची शेवटची खेप. खुर्चीत बसण्याआधी त्यानं दार लोटून घेतलं आणि लहान मुलासारखं विचारलं, "सकाळी ऐकू आला का? तुम्ही त्या रस्त्यानं जाता ना? खास तुमच्यासाठी दिला होता आवाज." ती "छान होता," म्हणाली. पेला भरला, नळी दिली, बुडबुडे बघितले. बुडबुडे सारखे, एका ओळीत, कुठे अडखळ नाही. आरसा घालून त्याचा घसा बघितला. गाठी विरल्या होत्या, पट्ट्या स्वच्छ, गुलाबी. एवढा निरोगी घसा तिनं कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. या घशातून आज दुपारी हुकूम निघेल आणि पोरं गाड्यांत चढतील. आपण हात आखडता घेतला असता, एखादा व्यायाम मुद्दाम चुकीचा शिकवला असता, तर? तर दुसरा कुणी उस्ताद ओरडला असता. लढाई घशावाचून अडत नाही. तरीही पुसून झालेला आरसा ती पुन्हा पुन्हा पुसत राहिली, आणि ते त्यानं पाहिलं.

"मॅडम, एक बोलू का?" उस्ताद खुर्ची पुढे ओढून म्हणाला. "तुमचा मुलगा माझ्याकडे आहे. तो काही बोलला नाही, मीच आडनावावरून ओळखलं. चांगला पोरगा आहे. आज निघतायत सगळे. पण इथल्या कोठाराला एक माणूस मागे लागतो, सामान देणं-घेणं बघायला. कुणाला ठेवायचं ते माझ्या हातात असतं."

तिनं पेला उचलला, पुन्हा ठेवला. "कुणाला ठेवलंय?"

"आहे एक. पळताना छातीतून शिट्टी वाजते त्याच्या. डॉक्टरनं पास केलाय, आता त्यावर मी काय बोलणार? म्हणून म्हटलं, राहू दे कोठारात." मग तो थोडं थांबून, समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण पास म्हणजे पास. तोही जाऊ शकतो. तुम्ही मला पोटापाण्याला लावलंत, मॅडम. नुसतं सांगा."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती सारखी टीट् टीट् वाजत होती. छातीतून शिट्टी. तिला शिट्टी ऐकायची गरज नव्हती, तिला ठाऊक होतं ती कशी असते, श्वास आत जातो पण बाहेर यायला तयार नसतो, खांदे कानाला लागतात, ओठ निळे होत जातात. धुळीत आणखी, धुरात आणखी. आणि धूर आणि धूळ यांच्याशिवाय तिकडे दुसरं असतं तरी काय? जगात हे कळणारी जी थोडी माणसं असतील त्यांतली ती एक होती. त्याच वेळी तिला सात वर्षांचे ते बाहेर आलेले कान दिसत होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. काकूंना असंच कुणीतरी खुर्ची पुढे ओढून विचारलं असेल का? काकूंनी काय म्हटलं असेल? ती इतकी वर्षं असं धरून चालली होती की काकू गेल्या, पायऱ्या झिजवल्या, हात जोडले, कट केला. तसं काही झालंच नसेल. कुणीतरी नुसतं सांगा म्हणालं असेल, आणि समोर पाण्याचा पेला असेल.

"बघा, जमलं तर," ती म्हणाली.

कुजबुजत म्हणाली. पेशंटला ती पहिल्या दिवशी बजावायची, घसा दुखतोय म्हणून कुजबुजू नका, कुजबुज घशाला फार वाईट. उस्तादानं मान डोलावली. जाताना त्यानं खाली वाकून तिच्या पायांना हात लावला, तिला मागे सरकायलासुद्धा सुचलं नाही. तो गेल्यावर तिनं पेल्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतलं, पेला घासला, नळी फेकून दिली, परत पेला घासला. सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. सुटल्यासारखं वाटलंही, पण पेला हातातून सुटेना. पुढच्या पेशंटला तिनं दोन वेळा एकच प्रश्न विचारला. मग रजा टाकली.

मैदानाच्या फाटकाशी बायकांची गर्दी होती, थोडे बापही होते, पण बाप मागे झाडाखाली उभे राहून रस्त्याकडे बघत होते. फाटक बंद, गज धरून बायका आत बघत होत्या. आत गाड्या ओळीनं लावलेल्या, इंजिनं चालू, डिझेलचा धूर जमिनीलगत पसरलेला. लांब, पलीकडच्या कडेला पत्र्याचं कोठार. त्याच्या दाराशी तिचा मुलगा उभा होता. पिशवी पायाशी. एकटाच. म्हणजे जमलं होतं. एवढं बघायलाच ती आली होती, आता परत फिरायला हरकत नव्हती. पण शेजारच्या बाईनं तिची बाही धरली होती. बाई ओळखीची नव्हती. गर्दीत तोल जाऊ नये म्हणून धरावी तशी धरली होती, आणि दुसऱ्या हातात निळ्या रंगाचा दम्याचा पंप होता.

"तुम्ही दवाखान्यातल्या ना?" बाईचं लक्ष तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेलं होतं. "तुमचं ऐकतील हो हे लोक. त्या पहारेकऱ्याला सांगा ना, एवढं आत पाठवा म्हणून. घरी विसरला. विसरला कसला, लपवला असेल, पंप दिसला तर घेणार नाहीत म्हणून." तिचं बोलणं धापा टाकत होतं, मुलाचा दमा तिलाच झाल्यासारखा. "मागे राहणार होता हो तो. काल फोनवर म्हणाला, आई, कोठारात ठेवलंय मला, काळजी करू नकोस. मी म्हटलं, चला. आणि आता तासाभरापूर्वी फोन, की नाही, जायचंय. का, ते त्यालाही माहीत नाही. तो बघा, तिसरा. खांदे बघा कसे करतोय."

तिनं बघितलं. खांदे कानाला लागत होते. धुरातून रांग निघाली होती, गाड्यांच्या दिशेनं, बूट एका तालात. तिसरा मुलगा ताल चुकवत नव्हता, पण प्रत्येक पावलाला श्वास चोरून घेत होता. एवढ्या अंतरावरून तिला तो मोजता आला असता. ती पहारेकऱ्याला सांगून पंप आत देववू शकत होती. तेवढं केलं तर चांगलं काम केल्यासारखं दिसलं असतं, बाईनं आशीर्वाद दिले असते, आणि घरी जाऊन ती झोपली असती. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं, पण जळतं तेव्हा दुसऱ्याच्या घराकडे ढकलायचं, हेही त्याच माणसाला कळतं. तिनं कोठाराकडे पाहिलं. मुलगा गाड्यांकडे बघत नव्हता, रांगेकडे बघत नव्हता. तो फाटकाकडे बघत होता. एवढ्या बायकांत त्यानं तिला कधीच शोधून काढलं होतं, आणि हात हलवत नव्हता.

उस्ताद गाड्यांपाशी, पाठमोरा. त्याला हाक मारायची तर इंजिनांवरून, बुटांवरून, अख्ख्या मैदानावरून मारायला हवी होती. फाटकाशी उभ्या असलेल्या कुणाही आईला ते शक्य नव्हतं. तिला होतं. कितीतरी वर्षांत ती ओरडली नव्हती, मुलावरसुद्धा नाही. तिनं गज धरले. पोट पुढे काढून श्वास भरला, घशाच्या तळाशी क्षणभर अडवला.

"थांब!"

बाईनं दचकून कानावर हात नेला. पहारेकऱ्याची टाच आपसूक टाचेला लागली. आणि मैदानात, धुरात, सगळे बूट एकाच ठोक्यात थांबले. तीन आठवडे त्या पोरांना हाच झटका, हाच आवाज ऐकून थांबायला शिकवलं होतं. तो कुणाच्या तोंडून आला हे विचारायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गॅरेजमध्ये, हॉलमध्ये, जत्रेच्या मांडवाएवढ्या गर्दीसमोर ती हा शब्द ओरडली होती. तेव्हा लोक नाचले होते, डोकी हलवली होती, एकदा कुणीतरी खुर्च्या मोडल्या होत्या, पण थांबलं कुणीच नव्हतं. आज अख्खी तुकडी एक पाय पुढे टाकून थांबली होती. उस्तादानं आधी स्वतःच्या गळ्याला हात लावला. हुकूम आपण दिला की काय, हे त्यालाही क्षणभर समजलं नसावं. मग तो वळला, आणि तिला पाहून भरभर चालत फाटकाशी आला.

"मॅडम? काय झालं?"

आता ओरडायचं नव्हतं. कुजबुजायचंही नव्हतं. मधला, साधा, बोलायचा आवाज काढायचा होता, आणि तोच सापडत नव्हता. बाहीवरची मूठ तशीच होती. रांग थांबलेली होती, पण किती वेळ थांबणार? दुसऱ्या कुणीतरी ओरडलं की पुढे निघणारच होती.

"सकाळी मी सांगितलं ते..." ती म्हणाली. आवाज तिच्या स्वतःच्या कानाला परका वाटला, जिन्यात बसून गाणाऱ्या मुलीचा असावा तसा स्वच्छ. "ते नको. यांचाच मागे ठेवा. माझा जाऊ दे."

उस्ताद तिच्या तोंडाकडे बघत राहिला. शेजारच्या बाईला सगळं कळायला थोडा वेळ लागला. ती आधी उस्तादाकडे, मग रांगेकडे, मग लांब कोठाराकडे बघत गेली. मग तिच्या बाहीवरची मूठ हळूहळू सुटली. बाई एक पाऊल बाजूला सरकली. 

"विचार करा, मॅडम," उस्ताद खालच्या आवाजात म्हणाला. "पुन्हा बदलता येणार नाही."

तिनं मान हलवली. उस्ताद कोठाराकडे हाक मारायला वळला, श्वास घेतला, आणि तसाच थांबला. हाक मारायची गरज उरली नव्हती. कोठाराच्या दारात कुणी नव्हतं. तिच्या मुलानं केव्हाच पिशवी उचलून खांद्यावर टाकली होती, आणि तो मैदान ओलांडून रांगेकडे चालत येत होता.